हरणाकाकीचा बांगडा, जयपालअण्णांचं नाक

माझ्या एका रीलमुळं कवठे महांकाळच्या बाजारात हरणाकाकीच्या पाटीतनं सकाळपासून दुपारपर्यंत एका माणसानं एक बोंबील घेतला नाही. हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढं सगळा बाजार एकेक करून तेच सांगणार, आणि प्रत्येकजण त्यात आपलं थोडं मीठ घालणार.

हरणाकाकी सुकी मासळी विकते. सुकट, बोंबील, खारा बांगडा. आमच्या तालुक्याला समुद्र नाही. नदीसुद्धा कधी यायचं ते आधी ठरवून येते. पण भाकरीबरोबर तव्यावर भाजलेला बांगडा नसला तर पाहुणा ताटावर रुसून बसतो, आणि तीस वर्षं तो बांगडा काकीच्याच पाटीतनं येतोय.

मी साईराज. बी.ए. विट्याच्या कॉलेजातनं केलं आणि सध्या 'प्रयत्न चालू आहेत' या खात्यात नोकरीला आहे. मोबाईलवर माझं 'आपलं महांकाळ' नावाचं पेज आहे. चार हजार दोनशे लोक बघतात, त्यातले सहाशे माझे पाहुणे. एप्रिलपर्यंत माझी सगळ्यात गाजलेली कलाकृती म्हणजे पेट्रोलपंपावर रांगेत आपला नंबर यायची वाट बघत उभी राहिलेली म्हैस.

तर एप्रिलात एक बातमी बघितली. खोल समुद्रात परदेशांची अवाढव्य जहाजं येतात, जहाजावरच मासे पकडायचे, तिथंच कापायचे, तिथंच गोठवायचे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या जाळ्यात मग उरलंसुरलं. बातमी बघून मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी रील करतो, हा माझा दोष आहे. आधी आठ सेकंद जहाज, मग लगेच बाजारात पाटीपुढं बसलेली हरणाकाकी, मागं ढोल, आणि वर अक्षरं: 'परदेशी जहाजं आणि आपली सुकी मासळी! सत्य काय?' सत्य काय ते मलाही माहीत नव्हतं. प्रश्नचिन्ह टाकलं की रील पळतं, म्हणून टाकलं.

दोन दिवसांत एक लाख बारा हजार लोकांनी बघितलं. म्हैस मागं पडली.

आता लोक अक्षरं वाचत नाहीत. त्यांनी बघितलं ते एवढंच: आधी परदेशी जहाज, मग हरणाकाकी. म्हणजे काकीचा माल जहाजातनं येतो. परदेशी म्हटलं की आमच्याकडं चिनी. आणि चिनी म्हटलं की आकारानं लहान, दिसायला बरं आणि महिन्यात बिघडणारं. त्यात काकीचे बांगडे गेली तीन-चार वर्षं खरोखरच लहान लहान होत चाललेले. मग काय, पुरावा चपखल बसला.

बाजारादिवशी सकाळी लालासाहेब तात्या आले. कॅनॉलच्या अगदी शेवटी त्यांचं रान. गेली पंधरा वर्षं त्यांनी काकीचा एक बाजार चुकवला नव्हता. त्यांनी एक बांगडा शेपटीला धरून उचलला, उलटा केला, सुलटा केला, खोटी नोट बघावी तसा उन्हाकडं धरला आणि म्हणाले, "काय गं हरणे, ह्याला बॅटरी कुठनं घालायची?"

सगळी रांग हसली. काकीसुद्धा हसली, कारण तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

मग शेजारच्या पोरीनं तिला मोबाईलवर रील दाखवलं. काकीनं ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना खाली माझ्या पेजचं नाव वाचलं. मी तेव्हा पलीकडच्या चहाच्या गाड्यावर बसून व्ह्यू मोजत होतो.

"साई," काकीनं हाक मारली. अगदी गोड मारली. बाजारातल्या जाणत्या बायका आपापल्या पाट्या मागं ओढून घेऊ लागल्या.

हरणाकाकी कोण, हे तुम्हाला कळल्याशिवाय त्या गोड हाकेची भीती कळायची नाही. काकीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, पाटणजवळचं. कुंभार्ली घाट चढून कोकणातल्या बायका सुकं घेऊन यायच्या त्या वाटेवरचं. काकीची आई त्यांच्याकडनं मासळी घ्यायची आणि ज्वारी, शेंगा द्यायची. अकराव्या वर्षी काकी आईबरोबर घाट उतरून गेली, तिनं समुद्र बघितला आणि म्हणाली, "एवढं पाणी आन पिकतंय काय तर काटं!" हे अजून तिच्या माहेरी सांगतात.

त्याच बंदरावर तिला द्रौपदी भेटली. गुहागरच्या पल्याडच्या एका खारवी म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातली, काकीच्याच वयाची. दोघी त्या दिवशी एका खारवलेल्या बांगड्यावरनं भांडल्या आणि तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी एकमेकींना सोडलं नाही. काकी लग्न होऊन इकडं आली तरी खेप चालू राहिली. जाताना ज्वारी आणि बेदाणा न्यायचा, येताना मासळी आणायची. एकदा परतीच्या एस.टी.त पोतं फुटलं. कंडक्टरनं काकीला उतरायला सांगितलं, पण त्याआधी पाटणला बाकीची सगळी गाडीच उतरली. काकी मागच्या बाकड्यावर आडवी होऊन थेट कराडपर्यंत झोपून आली. "तिकीट एकाचं, गाडी आख्खी," असं ती अजून सांगते.

नवरा आकाराम फौजेत. तो लेहला असताना काकीनं त्याला भडंगाच्या डब्यात बोंबील भरून पार्सल केलं. पार्सल पोहोचलं आणि सगळी छावणी सावध झाली. डबा पन्नास पावलं लांब ठेवून भोवती वाळूची पोती रचली. मग आकारामनाना गस्तीवरनं आले. वारा त्यांच्याकडं होता. तिथूनच दोन्ही हात वर करून ओरडले, "साब, गोली मत चलाना, मेरी घरवाली का है!"

तर अशी ती काकी. तिनं मला गोड हाक मारली, मी गेलो, आणि तिनं माझा कान धरला तो जवळजवळ पाव तास सोडला नाही. एका हातात माझा कान आणि दुसऱ्या हातानं ती माश्या वारत होती.

"मुडद्या, माझा बांगडा चिनी व्हय रं?"

"काकी, मी तसं म्हणलोच न्हाई. मी प्रश्न विचारला."

"मग मला विचारायचास की. मी हितं बसलीय, तू जगाला विचारतोयस."

मी हळूच कान सोडवून बघितला. सुटला नाही.

मागं पाच पोती होती. त्यांचं दुखणं काकीनं मला तिथंच, कान धरूनच सांगितलं. जूनच्या आत ती खपायलाच हवी होती. हवा ओली झाली की सुकं मऊ पडतं, मग त्याला बुरशी येते, मग ते उकिरड्यावर. आणि ही पोती द्रौपदीनं काकीच्या नुसत्या शब्दावर पाठवलेली. ती खपली तर पावसानंतर द्रौपदीच्या नवऱ्याची होडी पाण्यात उतरणार, नाहीतर ती किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्या पांघरून बसणार.

"होडी बसली तर ती काय करल? आन मी कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या दारात?" काकी म्हणाली. आता आवाज गोड नव्हता आणि मला जास्त भीती वाटली.

आठ दिवस होते पुढच्या बाजाराला. मी खुलाशाचं रील केलं. 'हरणाकाकीची मासळी शंभर टक्के आपल्या कोकणची' असं हात जोडून सांगितलं. एकेचाळीस लोकांनी बघितलं. त्यातल्या तिघांनी विचारलं, म्हैस कुठाय?

शेवटी मला एकच माणूस सुचला. जयपालअण्णा.

जयपालअण्णांचं दुकान काकीच्या पाटीला चिकटून. हुलगा, मटकी, शेंगा. माणूस कट्टर जैन. कांदासुद्धा लांबनं ओलांडतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाजारात जागा आखल्या तेव्हा आखणाऱ्याला बहुधा सर्दी झाली होती. त्यानं अण्णांच्या शेजारी, वारा येतो त्या बाजूला, सुक्या मासळीची रांग आखली. तेव्हापासून अण्णा दरवर्षी एक अर्ज देतात: 'सदर रांग अन्यत्र हलवावी.' अठ्ठावीस अर्ज. अण्णा मासळीचं नाव उच्चारत नाहीत. अर्जातसुद्धा 'सदर पदार्थ' असं लिहितात. बाजारादिवशी दिवसभर नाकावर पांढरा पंचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं ते त्या पंच्यातनं. त्यामुळं मटकी मागायला गेलेला माणूस कधीकधी हुलगा घेऊन येतो.

"अण्णा, तुमी एक शब्द बोला," मी म्हणालो. "तुमच्यावर लोकांचा विश्वास हाय."

अण्णांनी पंचा थोडा खाली केला. डोळे मात्र हसत होते. "साईराज, अठ्ठावीस वर्सं मी अर्ज करतोय. कुणी हालवलं न्हाई. तू एका मोबाईलनं हालवायला निघालास. आन मी तुला आडवू?"

"पण अण्णा, ती बाई…"

"बाई चांगली हाय. माझ्या दुकानाची किल्ली मी देवळात जाताना तिच्याकडं देतो. पदार्थ वाईट हाय." आणि पंचा वर.

झालं. मी घरी येऊन पडलो.

पुढचा बाजार. मी पहाटेच काकीच्या पोत्यांवर जाऊन बसलो, कारण आता तिथंच बसायची शिक्षा होती. आकारामनाना फौजी टोपी घालून मागं उभे. गर्दी म्हणाल तर झुंबड. सगळा बाजार 'रीलमधली बाई' बघायला आलेला. बघायला येत होते, घ्यायला कुणी नव्हतं. दोघांनी तर काकीबरोबर फोटो काढला आणि जाताना समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली.

"फोटोचं काय घ्यायचं न्हाई का गं?" नाना म्हणाले.

"तुमी गप उभं ऱ्हावा," काकी म्हणाली. तिनं सकाळपासून पदर तीनदा सारखा केला होता. ती पदर कधी सारखा करत नाही.

दहाच्या सुमाराला लालासाहेब तात्या आले, मागं त्यांच्या वस्तीवरची सात-आठ माणसं. तात्यांनी बोंबलाची एक जुडी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि निकाल दिल्यागत म्हणाले, "बघा. वास बी बदललाय. औषधाचा वास येतोय."

"व्हय व्हय, औषधाचाच," मागचे म्हणाले. त्यातल्या निम्म्यांनी वास घेतलाच नव्हता.

काकीचा हात पाटीतच थांबला. औषध मारलंय असं एकदा सुक्या मासळीला चिकटलं की मग कोण घेतंय?

आणि शेंगांच्या पोत्यामागनं आवाज आला.

"कोण म्हणलं औषधाचा वास?"

जयपालअण्णा उभे राहिले होते. चेहरा लाल. मटकीचं माप हातात तसंच.

"मी म्हणलो," तात्या म्हणाले. "का वं अण्णा?"

"लालासाहेब, ह्यो वास तुमी आठवड्यातनं एकदा घेताय, आन ते बी पाच मिन्टं. मी बाजाराच्या बाजाराला आठ तास घेतोय. अठ्ठावीस वर्सं! जेवताना घेतोय. देवाचं नाव घेताना घेतोय. माझी कापडं घरात वेगळी धुत्यात. ह्या वासाबद्दल माझ्यासमोर खोटं बोलायचं न्हाई!"

आणि बाजाराच्या आठवणीत जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. अण्णांनी नाकावरचा पंचा काढला.

भजीवाल्यानं झारा हवेतच धरला. अण्णांनी पाटीपासनं दोन हात लांब उभं राहून, हात मागं बांधून, छातीभर वास ओढला. डोळ्यांतनं पाणी आलं, पण मागं हटले नाहीत.

"औषध न्हाई," अण्णा म्हणाले. "मीठ हाय. जाडं. पदार्थ नेहमीच्या बंदराचाच हाय, दुसऱ्या बंदराच्याला जरा आंबूस झाक असती. चार दिस वाळवलाय." मग पुन्हा एकदा ओढला, अगदी थोडा. "मधी एक दिस ढग आल्तं."

"आता ढग बी!" तात्या हसले. "अण्णा, तुमी भविष्य सांगाय लागलायसा."

"विचारा की," अण्णा म्हणाले आणि पंचा परत नाकावर बांधला. "ज्यानं वाळवलंय त्याला विचारा."

नाना फौजेतले. हुकूम आला की अंमल. त्यांनी मोबाईल काढला, द्रौपदीमावशीला लावला आणि स्पीकर चालू करून मटकीच्या पोत्यावर ठेवला.

"द्रौपदे, मी हरणा," काकी ओरडली. स्पीकर असला तरी कोकण लांब आहे, असं तिचं मत. "बोंबील वाळवलंस तवा ढग आल्तं का गं?"

"आयशप्पत!" पलीकडनं आवाज आला. "दुसऱ्या दिवशी आलं होतं मेलं. सगळं गोळा करून पडवीत घेतलं न् परत पसरलं. पन तुला कुनी सांगितलं गो?"

"हितल्या जैन अण्णांनी. वासावरनं."

पलीकडं द्रौपदीमावशी अशी हसली की मटकी हलली. "मासा खात नाय तो? त्याला इकडं पाठव गो! बंदरावर लिलावाला खुर्ची टाकून बसवतो!"

सगळा बाजार फुटला. पंच्याच्या दोन्ही बाजूंना अण्णांचे कान तांबडे झाले, पण मला वाटतं त्यांना ते बरं वाटलं.

तात्या मात्र इतक्या सहज हरणारे नव्हते. ते फोनवर वाकले. "आवं बाई, वास खरा. पण बांगडा एवढुसा का? आदी कसा टपोरा यायचा. आता पोरांच्या खेळण्यातला वाटतोय."

"मोठा होऊ देत नायत तर काय करू?" द्रौपदीमावशी म्हणाली. "आमचे धनी पूर्वी पहाटे जायचे न् जेवायला घरी असायचे. आता तीन-तीन दिवस लांब जातात. तिथं लांब ती मोठाली जहाजं. भलत्याच देशांची. एकेकाचं जाळं येवढं, की आमचा गाव आत बसंल देवळासकट. लहान-मोठा, पोटातला, पाठीवरचा, सगळा उचलतात. त्यांच्या जाळ्यातनं जो पळून येतो तो आमच्या जाळ्यात. मग बारीकच येनार ना?"

"तुमच्याकडचं मोठं ट्रॉलरवालं बी हायतीच की," नाना म्हणाले. ते बातम्या बघतात.

"हायत ना. पन त्यांना आमी दारात जाऊन शिव्या घालतो. गावातले आहेत, समजतं त्यांना. ह्या जहाजवाल्यांना कुठल्या भाषेत घालायच्या?"

लोक हसले, पण काहींच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. तात्यांच्या मागनं एकजण म्हणाला, "पण समुद्र केवढा! एवढ्यातनं मासं संपतील व्हय? कायतरीच."

काकी उठली. एवढा वेळ बसून होती, ती गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

"तात्या, मला सांगा. ह्या उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटलं. तुमच्या रानात कवा आलं?"

तात्यांचा आवाज लगेच चढला. हा विषय निघाला की त्यांचा चढतोच. "आलं कुठं? वरच्यांनी मोटारी टाकल्या! रातंदिस उपसा. टेलला चिखल सुदीक आला न्हाई."

"धरणात पाणी न्हवतं?"

"न्हवतं काय, लय होतं! दिसत होतं की वर गेल्यावर. पण आमच्यापतोर येऊ दिलं तर ना…"

आणि तात्या थांबले. तोंड उघडं, बोट वर. त्यांच्या मागच्या सात-आठ जणांची तोंडंही एकेक करून उघडली, कारण सगळे त्याच कॅनॉलच्या शेवटाला.

"आयला," तात्या हळूच म्हणाले. "म्हंजी ही माणसं समुद्राच्या टेलला हायती."

"आन ती जहाजं वरच्या अंगाला," काकी म्हणाली. "मोटारी टाकून."

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम झालं. जी माणसं थोड्या वेळापूर्वी बोंबलात औषध शोधत होती, ती आता फोनवर तोंड लावून न बघितलेल्या जहाजांना शिव्या घालत होती. काही शिव्या मी तिथं पहिल्यांदा ऐकल्या. कॅनॉलचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासाठी पंधरा वर्षं साठवलेल्या होत्या, त्या सगळ्या समुद्रावर सोडल्या. पलीकडनं द्रौपदीमावशी "ही परत सांगा, ही लिहून घेतो" म्हणत होती. एकजण म्हणाला, मोर्चा काढूया. दुसरा म्हणाला, समुद्रात मोर्चा कसा निघायचा, पोहता कुणाला येतंय? तिसऱ्यानं विचारलं, ह्याचा अर्ज कुठं द्यायचा असतो?

सगळ्यांनी जयपालअण्णांकडं बघितलं.

"मसुदा मी लिहून देतो," अण्णा पंच्यातनं म्हणाले. "'सदर जहाजं अन्यत्र हलवावीत.' पण माझा अनुभव सांगतो, वेळ लागतो."

आणि मग तात्यांनी हातातली बोंबलाची जुडी पिशवीत टाकली. एवढंच. ती टाकली आणि बांध फुटल्यागत माणसं पाटीवर आली. "मला अर्धा किलो!" "आवं, मी आदी आलोय!" "टेलच्या माणसाला आदी द्या!" आकारामनानांनी टोपी सारखी केली, फौजी आवाजात "लाइन बनाओ!" म्हणून ओरडले, आणि रांग लागली ती पार चपलांच्या दुकानापर्यंत. मी सुकट मापून मापून घामाघूम. एका म्हातारीनं माझ्याकडं बघून विचारलं, "तू त्यो रीलवाला व्हय?" मी हो म्हणालो. तिनं माझ्या हातावर एक चापट मारली आणि अर्धा किलो जास्त घेतलं. तिच्यानंतर रांगेतल्या बऱ्याच जणांना ही पद्धत आवडली.

दुपारी एकपर्यंत चार पोती रिकामी. अडीचला पाचव्याचा तळ दिसायला लागला. फोन चालूच होता. बॅटरी संपत आली तरी द्रौपदीमावशी तिकडनं "किती झालं गो? किती झालं?" विचारत होती, आणि शेवटचं पोतं उपडं केलं तेव्हा काकीनं फोनमध्ये तोंड घालून सांगितलं, "होडीला रंग लाव जा!" मग ती पोत्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं बराच वेळ पदर तोंडावरच ठेवला. अण्णांनी आपला पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला, आणि तिचा हात लागल्यावर तो परत घ्यायचा का नाही यावर थोडा विचार केला.

जाता जाता सांगतो, अण्णांनी त्या वर्षीचा अर्ज दिला. एकोणतिसावा. नियम म्हणजे नियम.

तर त्या दिवशी सगळ्यात शेवटी तात्या परत आले. सकाळी नुसते बोंबील नेले होते, घरी गेल्यावर बायकोनं बांगड्यावरनं माघारी पाठवलं. काकीचा एक रिवाज आहे: दहा बांगडे घेतले की अकरावा वर टाकायचा. त्याशिवाय सौदा पुरा होत नाही. तात्यांनी दहा मागितले. पाटीत मोजून दहाच होते. काकीनं पाटी झटकली, पोती झटकली, माझे खिसेसुद्धा तपासले.

"तात्या, वरचा ऱ्हायला," काकी म्हणाली. "पुढच्या खेपंला देते."

"दे. पण पयल्यासारखा दे. वीतभर."

"वीतभर देते की."

"माझी वीत हं," असं म्हणून तात्यांनी पंजा पसरून दाखवला. तात्यांचा पंजा म्हणजे कुदळ धरून धरून खोऱ्याएवढा झालेला. काकीनं त्या पंज्याकडं बघितलं आणि मान हलवली. शब्द गेला.

पाऊस झाला. नारळी पौर्णिमेनंतर द्रौपदीमावशीची होडी उतरली, रंग लावून. दिवाळीच्या आधी काकी खेप करून आली. बाजारात पोतं सोडलं आणि सगळ्यात आधी बांगडे पसरून एकेक करून मापायला बसली. तात्या समोर उकिडवे, पंजा पसरलेला. पहिला करंगळीपाशी पुरा पोचेना. दुसरा त्याच्याहून लहान. सगळं पोतं झालं.

"एवढ्यात एक न्हाई?" तात्या म्हणाले.

"द्रौपदीला सांगून आले हाय. आख्खं बंदर शोधतंय. ती म्हणती, बारक्या हाताचं गिऱ्हाईक बघ."

"हात माझा मी बदलू का?"

"तसं न्हवं वं. त्यातला ह्यो जरा बरा हाय, ह्यो घ्या की."

तात्यांनी तो हातात घेतला, पंज्याला लावला, परत ठेवला. दहा बांगडे मोजून पिशवीत भरले. काकी सवयीनं अकरावा वर टाकायला गेली तर त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"ह्यो आजच्या सौद्याचा झाला. मागचा येगळा."

"बरं, ह्यो तर घ्या!"

"घेतो," असं म्हणून तात्यांनी मूठ सैल केली. "पण त्यो फिटला न्हाई हं हरणे."

"न्हाई फिटला, तात्या," काकी म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाला मापायला लागली.

काल त्यानंतरचा सातवा बाजार झाला. तात्या आले होते, पंजा पसरूनच.